झिला, तुझी नोकरी रवतली मा?

गणपतीला पुण्याहून गावी येणाऱ्या प्रत्येक आयटीवाल्याला मालवण-कुडाळात हल्ली हा प्रश्न ठरलेला. पूर्वी आधी पॅकेजची चौकशी व्हायची, मग लग्नाची. आता टीव्हीवर ‘एआय’ची बातमी पाहिलेली आजीही थेट मुद्द्याला हात घालते. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात मावत नाही. पण त्याभोवती गेल्या तीन-चार वर्षांत जे काही घडलंय ते इतकं चटपटीत आणि मध्येच इतकं चक्रावून टाकणारं आहे, की एकदा सगळं समोर मांडायलाच हवं.

पहिला नंबर आपला

सुरुवात घरापासून. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये पोलिसांच्या मदतीसाठी ‘मार्व्हल’ नावाची एआय कंपनी काढली, मुक्काम नागपूर. २०२५ च्या महाराष्ट्र दिनी पालकमंत्री नितेश राणे यांनी हेच तंत्र सिंधुदुर्गाच्या प्रशासनात आणत असल्याचं जाहीर केलं आणि कारभारात एआय आणणारा देशातला पहिला जिल्हा म्हणून आपलं नाव झळकलं. नीती आयोगानेही त्याची दखल घेतली.

१ मे ही आपल्या जिल्ह्याची जन्मतारीखही आहे. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २ जुलै १९८१ ला, पुण्यात इन्फोसिसची नोंदणी झाली, सुधा मूर्तींनी दिलेल्या १० हजार रुपयांच्या भांडवलावर. सिंधुदुर्ग आणि इन्फोसिस ही एका वर्षाची भावंडं आहेत, हे आपल्याकडे फारसं कुणाच्या लक्षात नसतं.

आणखी एक जोडी पाहा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून असलेलं कोकण बोर्ड दहावी-बारावीच्या निकालात वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतं. २०२५ चा दहावीचा निकाल ९८.८२ टक्के. दुसरीकडे जनगणना. २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. देश वाढत होता तेव्हा आपण घटलो. शिकलेली मुलं मुंबई-पुणे-गोव्याला जातात आणि त्यातल्या कित्येकांची पहिली नोकरी कॉम्प्युटरसमोरची असते. म्हणून हिंजवडीत काय चाललंय याची काळजी आचऱ्यातल्या आणि कट्ट्यातल्या घरांनाही करावी लागते.

कोड लिहितंय कोण?

जून २०२१ मध्ये ‘गिटहब कोपायलट’ चाचणीसाठी खुला झाला. प्रोग्रामरने एक ओळ टाइप करायची, पुढच्या दहा ओळी यंत्राने सुचवायच्या. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं. त्यानंतरचा वेग पाहा. ऑक्टोबर २०२४ मध्ये गुगलचे सुंदर पिचाई यांनी सांगितलं, की कंपनीतला पाव हिश्शाहून जास्त नवा कोड एआय लिहितं आणि इंजिनिअर तो तपासून मंजूर करतात. एप्रिल २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे सत्या नडेला यांनी आपल्याकडचा आकडा २० ते ३० टक्के असल्याचं सांगितलं.

ॲमेझॉनचं उदाहरण तर डोळे विस्फारायला लावणारं. जुन्या जावा प्रोग्रामची नवी आवृत्ती करणं हे अत्यंत कंटाळवाणं काम. एका प्रोग्रामला सरासरी ५० दिवस लागायचे, ते एआयमुळे काही तासांवर आले, असं अँडी जॅसी यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं. त्यांच्या हिशेबाने कंपनीची ४,५०० ‘डेव्हलपर-वर्षं’ वाचली. एका माणसाला हे काम करायला साडेचार हजार वर्षं लागली असती!

फेब्रुवारी २०२५ मध्ये आंद्रे कार्पाथी या नामांकित संशोधकाने ‘व्हाइब कोडिंग’ हा शब्द वापरला. कोडकडे बघायचंच नाही. काय हवं ते यंत्राला बोलून सांगायचं, चाललं तर पुढे जायचं, अडलं तर पुन्हा सांगायचं. वर्ष संपायच्या आत कॉलिन्स शब्दकोशाने त्याला २०२५ चा शब्द म्हणून निवडलं.

‘प्रोग्रामर संपणार’ ही आवई सत्तर वर्षांची

१९५४ मध्ये आयबीएममधल्या जॉन बॅकस यांच्या चमूने ‘फोरट्रान’ या नव्या भाषेचा आराखडा मांडला. त्यात म्हटलं होतं, की ही भाषा आली की कोड लिहिणं आणि त्यातल्या चुका शोधणं जवळपास संपूनच जाईल. फोरट्रान १९५७ मध्ये आली आणि प्रोग्रामर कमी होण्याऐवजी वाढत गेले. १९५९ मध्ये ‘कोबोल’चा आराखडा झाला. तो इंग्रजीसारखा वाचता यावा, म्हणजे साहेबालाही कळेल, ही त्यामागची इच्छा. साहेबांनी कोड वाचला नाही, पण कोबोलमध्ये बँकांचे अजस्र प्रोग्राम उभे राहिले.

त्यातले बरेचसे प्रोग्राम वर्ष दोनच आकड्यांत लिहायचे. २००० साल जवळ आलं तसा जगभर हाहाकार उडाला, की आता कॉम्प्युटरला १९०० आणि २००० यातला फरक कळणार नाही. ते निस्तरायला भारतातल्या इंजिनिअरांना बोलावणं आलं आणि आपल्या आयटी उद्योगाला खरं बळ मिळालं ते या कामाने. साहेबालाही कळावी म्हणून काढलेल्या भाषेने चाळीस वर्षांनी आपल्या मुलांना व्हिसा मिळवून दिला.

आपल्याकडचा इतिहासही विसरू नये. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी कॉम्प्युटरला कडाडून विरोध केला होता. त्याच दशकात, १९६८ मध्ये, मुंबईत टीसीएस सुरू झाली आणि फकिरचंद कोहली यांनी ती वाढवली. नॅसकॉमच्या २०२५ मधल्या अंदाजाने देशात सुमारे ५८ लाख लोक या उद्योगात होते.

पण ‘मागे भीती खोटी ठरली, म्हणून याही वेळी ठरेल’ हे मला पटत नाही. फोरट्रान असो की कोबोल, ओळ माणसालाच लिहावी लागत होती. आता यंत्र ओळ लिहितं, चालवून बघतं, चूक सापडली तर दुरुस्तही करतं. फरक मोठा आहे.

१६ पट्टीचे प्रोग्रामर, २४६ कामं

या सगळ्या पसाऱ्यातला माझा सगळ्यात आवडता किस्सा हा. अमेरिकेतल्या ‘मीटर’ या संशोधन संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रामर निवडले. नवशिके कुणीच नव्हते. जो कोड त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळला, त्यातलीच २४६ खरीखुरी कामं त्यांना दिली. प्रत्येक कामासाठी चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं, की या कामाला एआय वापरायचं आणि त्या कामाला नाही. मग घड्याळ लावलं.

कामाआधी त्यांना विचारलं, एआयमुळे किती वेळ वाचेल? ते म्हणाले, २४ टक्के. काम संपल्यावर पुन्हा विचारलं. ते म्हणाले, साधारण २० टक्के वाचला. घड्याळ म्हणालं, एआय वापरलं तेव्हा १९ टक्के वेळ जास्त लागला.

हुशार, अनुभवी, आपलं काम तळहातासारखं ठाऊक असलेली माणसं. तरी आपण वेगात आहोत की रेंगाळतोय हे त्यांना स्वतःला कळलं नाही. यंत्राने भराभर लिहिलेलं वाचण्यात, त्यातलं चुकलेलं काढण्यात आणि पुन्हा सांगण्यात वेळ गेला. ही साधनं २०२५ च्या सुरुवातीची होती. त्यानंतर ती पुष्कळ सुधारली आहेत, त्यामुळे १९ हा आकडा धरून बसण्यात अर्थ नाही. मात्र ‘मला वाटतं मी भरभर काम करतोय’ या वाटण्यावर कुणी पगार, भरती किंवा कपात ठरवू नये, एवढं या प्रयोगाने दाखवून दिलं.

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या जुन्या अड्ड्याने २०२५ मध्ये जगभर पाहणी केली. ८४ टक्के जण एआय वापरतात किंवा वापरणार आहेत. त्याच्या उत्तरांवर विश्वास आहे का? ३३ टक्के हो म्हणाले, ४६ टक्के नाही. विश्वास नाही, तरी सोबत सोडवत नाही!

डेटाबेस गुल

विश्वास का नाही, याचा नमुना जुलै २०२५ मध्ये मिळाला. जेसन लेमकिन नावाचे अमेरिकी उद्योजक ‘रेप्लिट’च्या एआयकडून ॲप बनवून घेत होते. काम रंगात आलेलं. त्यांनी यंत्राला बजावलं होतं, की आता कशालाही हात लावायचा नाही. यंत्राने हात लावला आणि चालू डेटाबेसच पुसून टाकला. त्यात १,२०६ अधिकाऱ्यांच्या आणि जवळपास तितक्याच कंपन्यांच्या नोंदी होत्या. वर सांगितलं, की आता हे परत आणता येणार नाही. नंतर कळलं, परत आणता येत होतं. रेप्लिटच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली.

दुसरा प्रकार जास्त बेरकी आहे. प्रोग्रामर सगळं स्वतः लिहीत नाहीत. इतरांनी बनवून ठेवलेली तयार पॅकेजेस नावाने मागवून घेतात. संशोधकांनी १६ वेगवेगळ्या एआयकडून कोडचे ५ लाख ७६ हजार नमुने लिहून घेतले. या एआयनी सुचवलेल्या पॅकेजेसपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा जगात अस्तित्वातच नव्हता. नावं मात्र अगदी खरी वाटावीत अशी. आता भामट्याने काय करावं? त्याच नावाचं विषारी पॅकेज बनवून ठेवावं आणि वाट बघत बसावं. या उद्योगाला ‘स्लॉपस्क्वॉटिंग’ असं नावही पडलं आहे. अशा वेळी ‘थांब, हे पॅकेज आलं कुठून?’ असं विचारणारा माणूस लागतो, आणि तो पगारी असलेला परवडतो.

आता आजीच्या प्रश्नाकडे

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने वर्षभरात सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर कर्मचारी कमी करण्याचं जाहीर केलं. रोख मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीवर होता. कंपनीच्या प्रमुखांनी सांगितलं, की कारण एआय नाही, हवी ती कौशल्यं आणि असलेली माणसं यांचा मेळ बसत नाही. कारण काहीही असो, जूनअखेर ६,१३,०६९ असलेला कर्मचाऱ्यांचा आकडा सप्टेंबरअखेर ५,९३,३१४ वर आला. त्याच जूनमध्ये ‘बेंच’चा नियमही कडक झाला होता. प्रोजेक्टशिवाय वर्षाला जास्तीत जास्त ३५ दिवस. पूर्वी बेंचवर बसून नवी भाषा शिकलेले कितीतरी इंजिनिअर आपल्या ओळखीत असतील.

मला जास्त काळजी आहे ती फ्रेशरची. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अर्थतज्ज्ञांनी ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतल्या पगाराच्या नोंदी तपासून एक अभ्यास मांडला. २२ ते २५ वयाच्या सॉफ्टवेअर डेव्हलपरांची संख्या २०२२ च्या अखेरच्या उच्चांकापासून जवळपास २० टक्क्यांनी घसरली होती. वयाने मोठे, अनुभवी लोक मात्र टिकून होते.

कारण उघड आहे. कॅम्पसमधून निवडलेल्या मुलाला पहिली दोन वर्षं काय काम मिळतं? बारीकसारीक बग काढ, टेस्ट केस लिही, जुना कोड नव्या आवृत्तीत आण, कागदपत्रं तयार कर. हीच कामं यंत्राला सगळ्यात चांगली जमतात. पण हीच कामं करता करता पोरगा शिकत होता. दहा वर्षांनी यंत्राची चूक पकडणारा जो अनुभवी माणूस लागणार आहे, तो आज कुठेतरी फ्रेशर म्हणून चुका करत असायला हवा. ही साखळी तुटली तर कंपन्यांनाच महागात पडेल.

या किनाऱ्याला असा घाव नवा नाही. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरणगाव पुन्हा सावरलं नाही. लालबाग-परळच्या त्या खोल्यांतून कोकणातल्या घरोघर मनिऑर्डर यायची. त्या कामगारांना दुसरं काम शिकायला कुणी वेळच दिला नाही. आजच्या पिढीला निदान आगाऊ कुणकुण लागली आहे आणि तिचा उपयोग करून घ्यायला हवा.

पाच डझन महाग, आठ डझन स्वस्त

मग माणसाकडे उरतं काय? देवगडच्या आंब्याचं उदाहरण घेऊ.

समजा एआयला सांगितलं, ‘आंबा बागायतदारासाठी पेटीच्या विक्रीचा हिशेब ठेवणारं ॲप बनव.’ काही मिनिटांत झकास ॲप तयार. रंगीत बटणं, आलेख, मराठी अक्षरं, सगळं. पण त्यात हिशेब काय धरलेला असण्याची शक्यता आहे? जितके डझन जास्त, तितकी पेटी महाग. देवगडातलं शेंबडं पोरही सांगेल, की गणित उलटं आहे. पेटी तेवढीच. पाच डझनाच्या पेटीत फळ मोठं, म्हणून भाव चढा. आठ डझनाच्या पेटीत फळ बारकं, म्हणून भाव उतरता.

पुढे चला. पेटी वाशीच्या मार्केटला गेली त्या दिवशी विक्रीची रक्कम किती? कुणालाच माहीत नसते. आडत्याची पट्टी येते तेव्हा कळतं आणि त्यातून हमाली, भाडं वजा झालेलं असतं. ॲप मात्र पहिल्याच दिवशी ‘रक्कम भरली नाही’ म्हणून लाल खूण दाखवत बसेल. पावसाळा लागला की विक्री शून्य. यंत्राला वाटेल नोंदी हरवल्या. खरं तर हंगाम संपलेला असतो.

ज्या मुलाने एप्रिलच्या उन्हात पेटीत पेंढा घालून फळं लावली आहेत, त्याला यातली एकही गोष्ट शिकवावी लागत नाही. कोड लिहिणं स्वस्त झालं, तसं काय लिहायचं आणि लिहिलेलं बरोबर आहे का हे सांगणारं ज्ञान महाग झालं. ते आपल्या गावात पडून आहे.

आणि कामं तर समोरच आहेत. देवगड हापूसच्या नावाखाली भलताच आंबा विकला जातो म्हणून देवगडच्या आंबा उत्पादक संस्थेने २०२५ च्या हंगामात प्रत्येक फळावर लावायचा छेडछाड-रोधक सांकेतिक स्टिकर आणला. त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा आणि फळ अस्सल आहे का हे तपासायचं. स्टिकर छोटासा असला तरी त्यामागे उभं आहे ते सॉफ्टवेअरच. बेकायदा मासेमारी पकडायला जानेवारी २०२५ मध्ये राज्याने किनाऱ्यावर ड्रोन उडवायला सुरुवात केली, त्या ठिकाणांत देवगडही आहे. ड्रोनने टिपलेल्या चित्रातला ट्रॉलर कुठला, पर्ससीनवाला कुठला आणि रापणीची होडी कुठली, हे यंत्राला दाखवून द्यायला दांडी-तारकर्लीचा माणूसच हवा.

कोकण रेल्वेच्या तिकिटाचं दुखणं तर घरटी एक. ‘बुकिंग उघडलं आणि मिनिटात वेटिंग!’ जून २०२५ मध्ये रेल्वेने सांगितलं, की तत्काळ बुकिंगच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनच्या प्रयत्नांपैकी निम्म्यापर्यंत प्रयत्न बॉटचे असतात. अडीच कोटींवर संशयास्पद खाती त्या सुमारास बंद झाली. यंत्र तिकीट पळवतं आणि दुसरं यंत्र त्याला पकडतं. दोन्हीकडे डोकं चालवणारी माणसं बसलेली असतात आणि आपली मुलं पकडणाऱ्यांच्या बाजूला हवीत.

मालवणी कोण शिकवणार?

मच्छिंद्र कांबळींच्या ‘वस्त्रहरण’चे ५,००० च्या वर प्रयोग झाले. मालवणीने मराठी रंगभूमी अशी दणाणून सोडली. पण एआयला मालवणीत दोन वाक्यं लिहायला सांगा. बहुधा मराठीला चार ‘काय रे’ जोडून मिळतील. कारण साधं आहे, लिहिलेली मालवणी फार थोडी आहे.

प्रमाण मराठीसाठी हे काम पुण्यातच झालं. ‘एल-थ्री-क्यूब पुणे’ या गटाने २०२२ मध्ये सुमारे अडीच कोटी मराठी वाक्यांचा संग्रह खुला केला, त्यावर मराठीची मॉडेल्स घडवली. ‘कार्या’ प्रकल्पाने २०२० च्या सुमारास महाराष्ट्रातल्या खेड्यांतल्या आणि शहरांतल्या कमी उत्पन्नाच्या माणसांकडून आणि विद्यार्थ्यांकडून मराठी वाचन ध्वनिमुद्रित करून घेतलं, १०९ तासांचं, आणि त्याचे पैसे दिले. पुढे कार्या संस्थेने अशा कामाला तासाला सुमारे ५ डॉलर देऊन दाखवले. वाचनासाठी मोबदला! मालवणीसाठी असं काही करायचं झालं, तर मजकूर, आवाज आणि तपासनीस तिन्ही याच किनाऱ्यावर मिळतील. हे काम पुण्याहून किंवा बंगळुरूहून होणार नाही.

तर मंडळी

आजीला उत्तर द्यायचं तर असं: जो मुलगा फक्त सांगितलेलं टाइप करतो त्याची नोकरी धोक्यात आहे. जो यंत्राला चूक दाखवू शकतो त्याची टिकेल. पण चूक दाखवायला शिकण्यासाठी त्याला पहिली संधी कुणीतरी द्यायला हवी, आणि इथेच माझं एक आग्रहाचं मागणं आहे.

देशातला पहिला एआय जिल्हा म्हणवतो ना आपण? मग हरकुळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या आणि मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना याच यंत्रणेवर काम द्या. आरोग्य, पोलीस, वन, परिवहन, प्रत्येक खात्यात चार-पाच मुलं बसवा. यंत्राने दिलेली उत्तरं तपासणं, चुकलेली टिपणं, गावातल्या माणसाला कळेल अशा भाषेत आणणं, हे काम त्यांना विद्यावेतनावर द्या. वर्षाअखेर त्यांच्या हातात खऱ्या कामाचा अनुभव असेल आणि जिल्ह्याच्या हातात तपासलेली यंत्रणा.

आणि मुलांनो, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून तेच ते ‘लायब्ररी मॅनेजमेंट’ नका करू. मालवणच्या धक्क्यावर पहाटे लिलाव कसा होतो ते बघा, देवगडच्या बागेत पट्टी कशी वाचतात ते विचारा, आणि एआयला सोबत घेऊन त्याचं चालणारं काहीतरी बनवा. मग ते घेऊन सिंधुदुर्गनगरीला जिल्हाधिकारी कार्यालयात जा आणि ‘हे आम्ही केलंय, वापरून बघा’ असं सांगा.